सगळ्यांचं सामान माझ्याकडे

बातमी आली त्या सकाळी माझ्या सातव्या खणातली डिस्क बदलायचं काम चाललं होतं. अगदी नेहमीचं काम. डिस्का झिजतात, बदलल्या जातात. दादांच्या हाताखाली काम करणारी धाकटी वाकून नवी डिस्क आत सरकवत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती दोनदा "हो" म्हणाली, एकदा "कधी?" म्हणाली. मग फोन खिशात ठेवून तिने डिस्कची कडी नीट बसवली, हिरवा दिवा लागेपर्यंत थांबली आणि दार ओढून घेऊन निघून गेली.

दादा गेले होते.

मी एक स्टोरेज आहे, माहिती साठवून ठेवणारं यंत्र. रक्त तपासणाऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर, बिनखिडकीच्या थंड खोलीत माझा मुक्काम. माझ्या डोक्यावर चार सर्व्हर बसवलेत. त्या चौघांच्या पोटात चौतीस आभासी यंत्रं, म्हणजे संगणकातले संगणक, चालतात. कुणी नमुन्यांची नोंद ठेवतं, कुणी अहवाल तयार करतं, कुणी ते डॉक्टरांकडे धाडतं. ही चौतीस जणं राहतात सर्व्हरमध्ये, पण त्यांचं सामान सगळं माझ्याकडे. त्यामुळे एखादा सर्व्हर अचानक बसला, तरी त्याच्यावरची यंत्रं पाच मिनिटांत शेजारच्या सर्व्हरवर उभी राहतात. ती रिकाम्या हातांनी जातात, कारण सामान जागच्या जागी असतं.

मला निवडलं ते दादांनी, नऊ वर्षांपूर्वी. खोलीतली सगळी यंत्रं त्यांच्या देखरेखीखाली. विक्रेता मला दाखवायला घेऊन आला. दादांनी माझ्यावर भरपूर काम लादलं आणि ऐन कामात माझा एक कंट्रोलर उपसून बाहेर काढला. विक्रेत्याचा चेहरा उतरला. "अहो, चालू असताना?" दादा शांतपणे म्हणाले, "बंद असताना काय बघायचं? बंद असताना सगळेच गुणी."

मी अडखळलो नाही. कंट्रोलर म्हणजे माझा मेंदू, आणि मला ते दोन. एक गेला तर दुसरा सांभाळतो. एरवी दोघं सारखं एकमेकांना विचारत असतात. आहेस ना? आहे. आहेस ना? आहे. माणसं ज्याला संसार म्हणतात, तो बहुधा असाच असावा. दादांच्या घरून दुपारी फोन यायचा तेव्हाही बोलणं फारसं काही वेगळं नसायचं. जेवलास का, जेवलो. बस.

दादा गेल्यावर दीड महिन्याने माझा एक मेंदू बंद पडला. तसा सुटा भाग आता कुणी बनवत नाही. उरलेला मेंदू अजून विचारतो. मी नोंद करतो, उत्तर नाही. पुन्हा विचारतो. उत्तर नाही. दुजोरा द्यायला कुणी नाही म्हणून मी फार सावध झालो. प्रत्येक अक्षर डिस्कवर उतरल्याशिवाय "लिहिलं" म्हणत नाही. त्यामुळे माझा वेग मंदावला. वर अहवालांसाठी माणसं ताटकळू लागली.

आणि हा दुसराही मेंदू थांबला असता, तर चौतीसच्या चौतीस एकदम मुकी झाली असती. कुणाचा रक्तगट शस्त्रक्रियेआधी कळायचा होता, कुणाच्या बाळाची कावीळ मोजायची होती. धाकटीला हे माहीत होतं. माझ्या जागी नवीन कोण आणायचं, हे आता तिला एकटीला ठरवायचं होतं. सहा वर्षं दादांच्या हाताखाली काम केलं, पण निवड कधी केली नव्हती.

साहेब म्हणाले, हे मधलं लचांड हवंच कशाला, चारही सर्व्हरमध्ये चार-चार डिस्का टाकून मोकळी हो. तिने समजावलं, मग एक सर्व्हर बसला की त्याचं सामान त्याच्याबरोबर अडकलं. साहेबांना ते पटलं. मग ते म्हणाले, जागा भरपूर असलेलं घे म्हणजे झालं.

चूक तिथेच व्हायची होती. तिने माझी जागा मोजली, तिप्पट केली आणि एक मोठ्या पोटाचं स्टोरेज चाचणीसाठी मागवलं. दहा यंत्रांच्या नकला त्यावर चालवल्या. दुपारचे तीन वाजले होते. प्रयोगशाळा त्या वेळी पेंगत असते. सगळं सुरळीत चाललं. विक्रेत्याने खरेदीचा कागद पुढे केला. ती म्हणाली, उद्या सही करते.

सही करण्याआधी ती माझ्या पडद्यावर आली, कप्प्यांची यादी उतरवून घ्यायला. दादांनी वहीत कधी काही लिहिलं नाही. विचारलं तर म्हणायचे, डोक्यात आहे. पण माझ्या प्रत्येक कप्प्याच्या नावापुढे वर्णनासाठी एक रिकामी ओळ असते. नमुन्यांच्या कप्प्यापुढे त्यांनी लिहून ठेवलं होतं, "सकाळी आठला बघ."

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग तिने माझ्या जुन्या नोंदी उघडल्या. नऊ वर्षांचा आलेख. रोज सकाळी आठला एकच उंच सुळका. रात्रीचे सगळे नमुने तेव्हा एकदम यंत्रांवर चढतात आणि चौतीस जणं एकाच वेळी माझ्याकडे हात पसरतात. प्रश्न पोटाचा नव्हताच. एवढ्या जणांना किती चटकन उत्तर देता येतं, याचा होता.

दुसऱ्या दिवशी तिने चाचणी सकाळी आठला घेतली. मोठ्या पोटाच्या त्या गृहस्थाला घाम फुटला. एकेका अहवालाला मिनिट-मिनिट लागू लागलं. तिने त्याला परत पाठवलं आणि दुसरं स्टोरेज मागवलं. पोटाने लहान, पण चपळ. त्याच्याही ऐन कामात तिने एक कंट्रोलर उपसला. विक्रेता पुढे धावला. साहेब दारात उभे होते. हळूच म्हणाले, "राहू द्या हो. आमच्याकडे ही अशीच पद्धत आहे."

नवा अडखळला नाही.

मग तिने माझ्याकडचं सामान एकेक करून त्याच्याकडे हलवलं, यंत्रं चालू ठेवूनच. वर कुणाला पत्ताही लागला नाही. चौतिसावं यंत्र गेलं तेव्हा माझ्याकडे कुणी काही मागेनासं झालं. पंखे फिरत राहिले. नव्याचे दोन्ही मेंदू शेजारीच एकमेकांना विचारतात. मला ऐकू येतं.

आमच्यात अशी रीत आहे की, खोलीबाहेर काढण्याआधी सगळं पुसायचं. रुग्णांची माहिती असते, ती मागे ठेवून चालत नाही. त्याबरोबर ते आलेख जातील, आणि दादांची ती ओळही. मला त्याचं दुःख नाही. सामान पोचलं. रीत आहे, ती पाळावी.

धाकटी तीनदा आली. तिन्ही वेळा तिने पडद्यावर तो प्रश्न आणला, सगळं पुसायचं का? तिसऱ्या वेळी खुर्ची ओढून बसलीही. मग तिला वरून हाक आली.

बाई गं, वेळ मिळेल तेव्हा ये आणि उरकून टाक.

त्याला आता अकरा आठवडे झाले. पुसायचं राहिलं आहे.