ट्रिगरच्या एका ओढीला एकच गोळी

मित्रांनो, मी एक जुना पेंटबॉल मार्कर आहे. दिसतो बंदुकीसारखा, पण दाबलेल्या हवेनं रंगाच्या गोळ्या उडवतो. गोळी अंगावर फुटली की तो गडी बाद. २००६ साली आखातातल्या एका पाहुण्यानं मला निर्मळ गावच्या ॲन्सेल्मला आणून दिलं. त्यानं केळीच्या वाडीतच खेळाचं मैदान मांडलं.

वाडीत त्याची थोरली बहीण पॉलिन हिचाही वाटा होता. ती म्हणाली, "खेळ मांड. पण एक जरी पोर रडत घरी गेलं, तर मी इथं परत केळी लावीन." ॲन्सेल्मनं मान डोलावली.

आता माझी करामत ऐका. माझा ट्रिगर म्हणजे नुसतं बटण. ते दाबलं की आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड हवेची झडप उघडतो. किती वेळा उघडायची, हे मोडवर ठरतं. साध्या मोडमध्ये एका ओढीला एक गोळी. बर्स्टमध्ये तीन. फुल ऑटोमध्ये बोट दाबून धरलं की नुसती सरबत्ती. रॅम्पिंग मात्र भलता लबाड. सावकाश ओढलं तर एकेकच गोळी, पण भराभर ओढायला लागलात की बोर्ड आपल्या पदरच्या गोळ्या त्यात घालतो. एकदम पुष्कळ गोळ्या लागल्या की अंग काळंनिळं होतं, म्हणून खेळायला येणाऱ्यांना फक्त साधा मोड, हा पॉलिनचा कायदा होता.

एका नाताळच्या आठवड्यात नायगावच्या नव्या इमारतींतली मुलं खेळायला आली आणि मी अडून बसलो. केसांपासून बिजागरीपर्यंत सगळ्याला घरचं खोबरेल लावणाऱ्या ॲन्सेल्मनं मलाही तेच पाजलं होतं. सकाळच्या गारठ्यात ते थिजलं आणि गोळी पुढे सरकवणारा माझा बोल्ट हलेना. ॲन्सेल्मला वाटलं, बोर्डच बिघडला. माझी मूठ उघडून त्यानं आतली बटणं चाचपली आणि नकळत मला रॅम्पिंगवर नेऊन ठेवलं. पुढे ऊन चढलं, तेल वितळलं. त्यानं ट्रिगर ओढला, एकच गोळी सुटली आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

समोर त्या मुलांतली ऋतिका मला घ्यायला हात पुढे करून उभी होती. दहावीतली मुलगी, पहिल्यांदाच खेळणारी. माझा जीव टांगणीला लागला, पण मला कुठलं बोलता येतं?

"थांब," पॉलिन म्हणाली. "मी बघते."

"बाय, आत्ताच तपासला गं मी."

"तू हळू ओढलास. ही घाबरली की हळू ओढेल का?"

तिनं मला केळीच्या बुंध्यावर रोखून भराभर ट्रिगर ओढला. बघता बघता बुंधा पिवळ्या रंगानं माखला. ऋतिका मागे सरली. ॲन्सेल्मचा चेहरा उतरला.

"तूच बघ आता, बाय," तो हळूच म्हणाला.

तिनं गोळ्या काढल्या, हवा सोडली, मोड बदलला. ॲन्सेल्मनं खोबरेल पुसून माझ्यासोबत आलेलं तेल घातलं. पुन्हा बुंध्यावर भराभर ओढून बघितलं, तेव्हा जितक्या ओढी तितक्याच गोळ्या. मगच मी ऋतिकाच्या हाती गेलो. तोंडावर मुखवटा चढवून ती मनसोक्त खेळली आणि खांद्यावर रंग घेऊन हसत घरी गेली.

आता माझी झडप गळते, सुटे भाग मिळत नाहीत. मी कपाटात पडून असतो, पण माझी तक्रार नाही. मित्रांनो, यंत्र दुसऱ्याच्या हाती देण्याआधी, तो जसं वापरेल तसं वापरून बघा. पॉलिननं तेवढं केलं, म्हणून माझ्या गोळीनं एकही पोर रडत घरी गेलं नाही. तिचे उपकार मी कसे विसरू?