लोन्झूची पहिली पसंती

माल्टातल्या आमच्या गावच्या चौकात चर्चच्या दोन अंगांना दोन पक्षांचे दोन क्लब आहेत. एक चढावर, एक उतारावर, म्हणून एक वरचा आणि एक खालचा. पोराचा बाप्तिस्मा नंतर होतो. ते वरचं की खालचं हे आधीच ठरलेलं असतं. लोन्झू वरचा. त्याचा बापही वरचा. लोन्झूचं आयुष्य गोदीत वेल्डिंग करण्यात गेलं आणि निवृत्तीनंतर क्लब हेच त्याचं दुसरं घर झालं. रविवारी तिथे तोंबोला, म्हणजे आकड्यांचा खेळ, रंगायचा, तेव्हा फळ्यावर खडूने आकडे लिहायचं काम त्याचं. त्याचा एकाचा आकडा साऱ्या गावाला ठाऊक होता. वर पक्ष्यासारखी लांब चोच, खाली आडवी रेघ.

निवडणुकीत म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाडीत घालून शाळेतल्या केंद्रावर पोचवायचं कामही त्याचंच. आमच्याकडे नावांपुढे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. घरातून निघताना तो बायकोला सांगायचा, "चेट्टा, पहिला ह्याला, दुसरा त्याला." ती मान डोलवायची आणि डोक्याचा रुमाल बांधून निघायची.

मग शेजारचं जुनं घर बिल्डर झारेनने विकत घेतलं आणि तिथे सहा मजले चढवायला काढले. महिनाभरात चेट्टाच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. गच्चीवर ती टोमॅटो वाळवायची, तिथे दुपारनंतर ऊन येईना. डाळीत, बिछान्यात, सगळीकडे दगडाची पिवळी भुकटी.

लोन्झू बेफिकीर होता. "आपलं सरकार आहे. मी बोलतो."

तो क्लबात बोलला. क्लबाचा चिटणीस फ्रेडू म्हणाला, "मंत्र्यांच्या कानावर घालतो." मंत्र्याच्या ऑफिसात एका हसऱ्या मुलीने त्याचं म्हणणं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "बघतो आम्ही." पुढच्या वेळीही पाणी दिलं. तोवर तिसरा मजला चढला होता.

तेव्हा लोन्झूने आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. भर संध्याकाळी चौक ओलांडून तो खालच्या क्लबात शिरला. आत पत्ते खेळणारे हात थांबले.

"वाट चुकलास काय रे?" कुणीतरी म्हणालं.

"तुमचा उमेदवार कुठाय?"

उमेदवार आतल्या खोलीत जेवत होता. सशाचं कालवण, वाईन. आणि त्याच्या शेजारी पाव बुडवून खात बसला होता बिल्डर झारेन.

लोन्झू नुसता बघत राहिला. "तू... तू गेल्या शनिवारी आमच्या क्लबात होतास."

झारेनने तोंड पुसलं. तो काही वाईट बोलला नाही, उलट उठून खुर्ची पुढे केली. "बसा काका. धंदेवाल्याला सगळ्याच संतांपुढे मेणबत्ती लावावी लागते. कोणता कधी पावेल, काय सांगावं?"

सगळे हसले. उमेदवारही हसला. लोन्झूला दार सापडेना, इतका तो गडबडला.

त्याच आठवड्यात लोन्झू आणि चेट्टाला औषधांच्या दुकानात जोझेट भेटली. दुकान तिचंच. तीस-बत्तीसची, बारीक, भरभर बोलणारी. एका छोट्या तिसऱ्या पक्षातर्फे ती उभी होती. त्या पक्षाला गावात क्लब नव्हता. तिच्या गॅरेजात चार खुर्च्या आणि एक पंखा, एवढाच संसार. रक्तदाबाच्या गोळ्या देता देता तिने चेट्टाचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "मावशी, झोप नाही का लागत?" चेट्टाने भिंतीचं सांगितलं. दुकान बंद करून जोझेट घरी आली, भेगेचे फोटो काढले, हरकतीचा अर्ज लिहिला, सुनावणीला स्वतः उभी राहिली. काम काही काळ थांबलंसुद्धा.

"मत मागणार असशील," लोन्झू तिला म्हणाला.

"मागणारच आहे काका. पण अर्ज त्यासाठी नव्हता लिहिला."

पुढच्या एका रविवारी चर्चमधली मासची प्रार्थना संपल्यावर, लोक पायऱ्यांवर उभे असताना, लोन्झूने चौकात मोठ्याने सांगून टाकलं, "वरचे आणि खालचे एकाच ताटात जेवतात. मी डोळ्यांनी पाहिलंय. माझी पहिली पसंती जोझेटला!"

"म्हातारपणी काडीमोड, लोन्झू?" मागून आवाज आला. लोक हसले, पण काही जण हसले नाहीत, आणि ते लोन्झूने पाहिलं. त्याची छाती फुगली. पुढचे दिवस तो जोझेटबरोबर दारोदार हिंडला. काहींनी त्याला पाहून दार लावून घेतलं. ज्यांना त्याने वर्षानुवर्षं गाडीतून मतदानाला नेलं, त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "तुझा बाप असता तर थुंकला असता." जोझेटने त्याचा दंड धरला. "चला काका, पुढचं घर." तोंबोलाच्या फळ्यावर आता दुसराच कुणी आकडे लिहीत होता. लोन्झू घरी येऊन म्हणायचा, "चेट्टा, सत्तर वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतोय."

मतदानाला आठवडा उरला असताना फ्रेडू आला. हातात बदामाच्या बिस्किटांचा डबा. खूप वेळ गुडघेदुखीवर बोलला. मग म्हणाला, "एत्येन कसा आहे?"

एत्येन हा लोन्झूचा मुलगा. पाणीपुरवठा खात्यात कंत्राटावर होता. नुकताच बाप झाला होता, घराचं कर्ज डोक्यावर होतं.

"बरा आहे."

"चांगला पोरगा. त्याला कायम करायचं चाललंय, ऐकलंय मी. ह्या महिन्यातच व्हायचं." लोन्झूची नजर वर गेली तसा फ्रेडू हसला. "अरे, अट कसली? आपण काय परके? फक्त गुरुवारच्या शेवटच्या सभेला ये. लोकांना वाटतंय लोन्झू रुसलाय. पाच मिनिटं उभा राहा, बस."

"आणि मत?"

"मत गुप्त असतं रे," फ्रेडू प्रेमाने म्हणाला. दाराशी जाऊन वळला. "मोजणीला पक्षातर्फे लक्ष ठेवायला काचेपलीकडे मीच असणार आहे ह्या वेळी. दिवसभर एकेक मतपत्रिका बघायची म्हणजे डोळे जातात बघ. तुझ्या चोचीच्या एकाची आठवण येईल."

चेट्टा आतून ऐकत होती. डबा उचलून तिने कपाटावर ठेवला, उघडला नाही.

गुरुवारी लोन्झू सभेला गेला. फ्रेडूने त्याला ओढत पार व्यासपीठाखाली नेलं, कुणीतरी त्याच्या खांद्यावर पक्षाचा झेंडा टाकला. कॅमेरा फिरत आला तेव्हा झेंडा काढावा असं त्याला वाटलं, पण हात वर गेला तो हलवण्यासाठी. घरोघरी टीव्ही चालू होते. गावाने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो औषधांच्या दुकानासमोरून गेला नाही. मागच्या गल्लीने गेला. तिथेच जोझेट भेटली.

"पोरासाठी जावं लागलं," तो तिच्या चपलांकडे बघत म्हणाला.

"मला कळलं काका. सभेचं काय एवढं? पेटीपाशी तर आपण एकटेच असतो ना."

शनिवारी शाळेत, पुठ्ठ्याच्या आडोशामागे लोन्झू खरंच एकटा होता. पेन्सिल दोरीने बांधलेली. जोझेटचं नाव पार खाली. त्याने पेन्सिल तिथे नेली. मग काचेपलीकडचा फ्रेडू डोळ्यांपुढे आला, चष्मा पुसणारा. सरळ काठीसारखा एक काढला तर? कोण ओळखेल? असं तो स्वतःशी म्हणाला, तरी पेन्सिल कागदाला टेकेना. आणि खरं सांगायचं तर भीती एवढीच नव्हती. वरच्या बाजूला जुन्या पक्षाची नावं ओळीने उभी होती, आणि त्यांच्याकडे बघताना आपल्या घराच्या दारात आल्यासारखं वाटलं. पेन्सिल वर सरकली. एक. चोचीचा, ठसठशीत, कुणालाही ओळखू येईल असा. मग दोन, तीन, चार. जोझेटच्या नावापुढे त्याने शेवटचासुद्धा आकडा लिहिला नाही.

बाहेर चेट्टा थांबली होती. ह्या वेळी निघताना त्याने तिला काही सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

वरचा पक्ष जिंकला. दिवसभर गाड्या भोंगे वाजवत फिरल्या. जोझेटला एवढी कमी मतं पडली की रेडिओवर तिचं नाव घाईत उरकलं.

सोमवारी सकाळी ती आली. हातात चीज भरलेल्या गरम पास्टिझींची पिशवी, डोळे सुजलेले, पण हसत होती.

"सगळ्यांचे आभार मानत फिरायला वेळ लागणार नाही," ती म्हणाली. "पण सुरुवात इथून. काका, ज्यांनी हो म्हटलं त्यांतले किती खरे होते, मला ठाऊक नाही. शंभरदा हिशोब केला. पण तुमचं मत पक्कं होतं. काल रडू येत होतं ना, तेव्हा मी तेवढंच धरून बसले होते."

लोन्झूच्या हातात पास्टिझी होती. ती त्याने तोंडात घातली, बोलायला लागू नये म्हणून. आतलं रिकोटा चीज जीभ भाजेल इतकं गरम होतं. तो तसाच चावत राहिला.

ती गेल्यावर चेट्टा भांडी विसळायला लागली. पाठमोरीच म्हणाली, "मी दिलं तिला. पहिलं."

"तू?"

"तू चौकात बोललास ना. मला खरं वाटलं."

नळ वाहत राहिला. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

तो रात्रभर तळमळला आणि सकाळी औषधांच्या दुकानात गेला. दुसरं कुणी नव्हतं. जोझेट खोकी लावत होती.

"जोझेट, मी तुला मत दिलं नाही." एका दमात म्हणाला. "पहिलं नाही, कुठलंच नाही."

तिचा हात खोक्यावर थांबला. ती चिडली नाही.

"का सांगितलंत?"

"काल तू आभार मानलेस, मला... ते खोटे आभार घेता येईनात."

"आता तुम्हाला हलकं वाटत असेल," ती म्हणाली. "माझ्याकडे एक मत होतं काका, ज्याबद्दल मला शंका नव्हती. ते तरी ठेवू द्यायचं होतंत."

चेट्टाचं मत सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं. पण ते सांगायचा अधिकार चेट्टाचा होता. तिच्या मताच्या आड स्वतःला झाकून घ्यायचं नाही, एवढी लाज तरी त्याच्यात उरली होती. तो वळला.

"गोळ्या," ती मागून म्हणाली, कुठल्याही गिऱ्हाइकाला म्हणते तशी. त्याने पाकीट घेतलं. 'काका' ती म्हणाली नव्हती, हे त्याला रस्त्यावर आल्यावर कळलं.

महिनाअखेर एत्येन कायम झाला. बातमी सांगायला तो बायको-बाळासह आला, खुशीत म्हणाला, "पपा, साहेब म्हणाले माझं काम बघून केलं." लोन्झूने त्याची पाठ थोपटली. चेट्टाने सगळ्यांना वाढलं. शेजारी काम पुन्हा सुरू होऊन सहावा मजला पुरा झाला होता, म्हणून भरदुपारी दिवा लावून जेवले.

लोन्झू आता बस पकडून पलीकडच्या गावातून गोळ्या आणतो. "तेवढेच पाय मोकळे होतात," असं चेट्टाला सांगतो. चेट्टा "हो" म्हणते आणि रुमाल बांधून, स्वतःची गोळी आणायला, जोझेटच्या दुकानाकडे जाते.