कोकरू घेऊन येणारा भाऊ

चादरीवर रोमचा सूर्यदेव उभा होता. डोक्याभोवती किरणं, हातात चाबूक, पुढे चार घोडे. लोणी देवकरच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात प्रोजेक्टर पहिल्यांदाच आला होता, त्यामुळे मंडळी तमाशाला बसावी तशी दाटीवाटीने बसली होती. राजवर्धन सरांनी छडी त्या देवाच्या कपाळावर टेकवली आणि सांगितलं, की पंचवीस डिसेंबर हा याचा दिवस, आपल्या प्रभूचा नव्हे.

बानूबाईच्या मनात पहिल्यांदा आलं ते कोकरू. नाताळच नसेल तर कोकराचं काय?

बानूबाई एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायची. जन्म कन्हेरीच्या धनगराच्या घरातला. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा बारामतीच्या दवाखान्यात त्याच्या उशाशी पाळीपाळीने बसल्या त्या या मंडळीतल्या बायका. भावकीतलं कुणी फिरकलं नाही. नवरा गेला आणि वर्षभराने तिने कालव्याच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला. कुणी जबरदस्ती केली नव्हती, की काही लालूच दाखवली नव्हती. म्हाताऱ्या संभाजीतात्या पाळकांनी एकदा वाचून दाखवलं, की ख्रिस्तजन्माची बातमी देवदूतांनी आधी सांगितली ती रानात मेंढरं राखणाऱ्यांना. राजाला नाही, पुजाऱ्याला नाही. हे ऐकून तिला वाटलं, हा देव आपल्या माणसांत उठबस असलेला दिसतोय. तेवढ्यावर ती आली.

त्याच दिवाळीत तिने भाऊबीज सोडली. आपणहून सोडली, आणि त्या वेळी तिला त्याचा अभिमानही वाटला. तिकडे कन्हेरीत थोरला भाऊ बिरदेव दिवस मावळेपर्यंत पाटावर बसून राहिला. मग त्यानेच पाट उचलून भिंतीला लावला आणि बहिणीचं नाव टाकलं.

तो अबोला संभाजीतात्यांनी मोडला, तोही मोठ्या युक्तीने. नाताळात मुलांच्या ख्रिस्तजन्माच्या देखाव्याला जिवंत कोकरू हवं म्हणून तात्या स्वतः कन्हेरीला गेले आणि बिरदेवाच्या दारात बसून मागून आले. बिरदेवाने कोकरू घोंगड्यात गुंडाळलं, एसटीने भिगवण गाठलं आणि तिथून वडापच्या जीपने लोणी देवकर. प्रार्थनाघरात काही तो शिरला नाही. फाटकाबाहेर बाभळीखाली बसला. बानूबाई चहा घेऊन गेली तेव्हा तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुज्याकडं न्हाय आलो. कोकरासंगं आलोय."

तेव्हापासून दर नाताळाला कोकरू यायचं आणि कोकरासंगं भाऊ यायचा. मुलांचा देखावा आटपेपर्यंत तो बाहेर बसायचा, बहिणीने वाढलेलं जेवायचा, मेंढरांच्या खोडी सांगायचा, आणि कोकरू घेऊन परत जायचा. बानूबाई वर्षभर त्या एका दुपारच्या आशेवर चपात्या लाटायची. तिला विचारलं असतं तर तिने नाताळ प्रभूचाच म्हणून सांगितला असता, आणि ते खोटंही नव्हतं. पण माणसाच्या मनात एका सणाला दुसरा सण कसा चिकटतो हे त्याचं त्यालाही कळत नाही.

तात्या वारले आणि त्यांच्या जागी राजवर्धन सर आले. बारामतीच्या कॉलेजातली पदवी, पुण्यात पवित्रशास्त्राचा अभ्यास, बोलणं मुद्देसूद. माणूस वाईट नव्हता. आयुष्यात त्याला अजून कुणी रडवलं नव्हतं, एवढंच. त्या सकाळी त्याने एकेक सण सोलून पुढे ठेवला. शास्त्रात ख्रिस्तजन्माची तारीख कुठेच नाही. रोमी लोक डिसेंबरात सूर्याचा उत्सव करत, मेजवान्या झोडत, भेटवस्तू देत. ती माणसं मंडळीत आली ती आपले सण काखोटीला मारूनच. सजवलेलं झाड थंड मुलखातल्या लोकांचं. एक जानेवारी दोन तोंडांच्या रोमी देवाचा. वाढदिवस म्हणाल तर शास्त्रात दोघांचेच सांगितलेत, फारोचा आणि हेरोदाचा, आणि दोन्ही दिवशी एकेका माणसाचा जीव गेला. यातलं बरंचसं पुस्तकांत आहे, आणि खरं बोलणाऱ्या माणसाला मधेच थांबवायचं कसं हे त्या पत्र्याखाली कुणाला ठाऊक नव्हतं.

मग सर म्हणाले, त्या देशात डिसेंबरात थंडी आणि पाऊस. मेंढपाळ रात्री मेंढरं घेऊन उघड्यावर असणं शक्यच नाही.

बानूबाईच्या तोंडून निघून गेलं, "आमची मेंढरं तर मार्गशीर्षात रातभर रानातच बसवत्यात, सर."

सर हसले. म्हणाले, "बानूबाई, बेथलेहेम कन्हेरीच्या पुढच्या स्टॉपवर नाही."

सगळं प्रार्थनाघर हसलं. बानूबाईही हसली, कारण सगळे हसत असताना आपण एकट्याने गप्प बसणं वाईट दिसतं. आणि सरांचं तसं बरोबरच होतं. तिने काय बेथलेहेम बघितलं होतं? पण ज्या गोष्टीचं बोट धरून ती इथवर आली होती, ती गोष्ट लोकांनी हसून बाजूला सारली आणि त्या हसण्यात तिचाही आवाज होता. हे तिला लागलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं होतं. सरांनी तिला पुढे बोलावलं. ती चादरीशेजारी जाऊन उभी राहिली, तर सूर्यदेवाचे निम्मे घोडे तिच्या पातळावर आले. सर म्हणाले, मागच्या नाताळात फाटकाबाहेर काय केलंत ते मंडळीला सांगा.

बानूबाईने दगडाबाईकडे बघितलं. दगडाबाईने मान खाली घातली, म्हणजे बातमी कुणी दिली ते कळलं. याच दगडाबाईने दवाखान्यात तिच्या नवऱ्याचं अंग पुसलं होतं, त्यामुळे रागही धड येईना. झालं होतं ते असं. मागच्या वर्षी बिरदेव जरा थकलेला दिसला. पायऱ्या उतराव्यात तसा जपून जीपमधून उतरला. ते बघून तिला भडभडून आलं, आणि उपासनेतली उरलेली मेणबत्ती ताटलीत लावून तिने भावाला ओवाळलं. त्याने कनवटीचा खण काढून ताटलीत टाकला. म्हणजे तोही दरवर्षी खण घेऊन येत असणार आणि तसाच परत नेत असणार.

"भावाला ववाळलं," बानूबाई म्हणाली.

"कशाने?"

"मेनबत्तीनं."

सर मंडळीकडे वळले. आवाज चढवायची त्यांना गरजच नव्हती. "रोममध्ये काय घडलं ते तुम्हाला पुस्तकातून सांगत होतो. आता डोळ्यांनी बघा. असंच घडलं. असाच एक माणूस मायेपोटी आपला जुना सण फाटकातून आत घेऊन आला."

पुस्तकातल्या रोमपेक्षा ही उभी असलेली बाई लोकांना पटकन पटली. ठरलं, की यंदा नाताळ नाही. पंचवीस तारखेला उपास आणि प्रार्थना. आणि बानूबाईने भावाला आत्ताच, सगळ्यांदेखत कळवावं, म्हणजे तिचीही सुटका होईल. तिने नाही म्हणायला हवं होतं असं आज कुणीही म्हणेल. पण मंडळीबाहेर तिचं होतं कोण? सासरने केव्हाच हात झटकले होते. उद्या डोळे मिटले तर खांदा द्यायला आणि माती लोटायला हीच माणसं होती. तिने फोन लावला आणि सरांनी तो स्पीकरवर टाकला.

बिरदेव रानात असावा. मागे मेंढरं ओरडत होती. बहिणीचा आवाज ऐकून तो खुशीत आला आणि यंदाचं कोकरू कसं पांढरंशुभ्र आहे ते सांगायला लागला. तिने मधेच तोडलं.

"दादा, अवंदा कोकरू आनू नगंस. नाताळ न्हाय."

"का गं? कुनी गेलं का काय मंडळीत?"

"न्हाय. त्यो सण देवाचा न्हाय म्हनं. दुसऱ्यांचा हाय."

बिरदेवाने एका मेंढराला हाकललं. मग त्याने अगदी सरळपणाने विचारलं, "मंग मी कंदी येऊ?"

सगळी मंडळी ऐकत होती. सरांनी नुसती नकारार्थी मान हलवली. बानूबाईने त्या मानेकडे बघितलं आणि म्हणाली, "येऊ नगंस."

मागून कुणीतरी मोठ्याने आमेन म्हणालं. त्यानंतर फोन कट झाला.

पंचवीस तारखेला उपास झाला. बानूबाई गुडघ्यांवर बसून प्रार्थना करत होती, आणि रस्त्यावर जीप थांबली की तिचे कान उभे राहत होते. तो यावा असं तिला वाटत होतं आणि येऊ नये असंही वाटत होतं, कारण आला असता तर त्याला परत पाठवायलाही तिलाच उठवलं असतं. तो आला नाही.

पुढच्या वर्षी, दिवाळी उलटून गेल्यावर, राजवर्धन सरांना पुण्याहून निरोप आला. मोठ्या मंडळीतले पाहुणे खेड्यातला नाताळ बघायला आणि त्याचा व्हिडिओ करायला येणार होते. सरांनी पुन्हा प्रोजेक्टर लावला. तोच सूर्यदेव, तेच चार घोडे. या वेळी त्यांनी सांगितलं, की पहिल्या ख्रिस्ती लोकांनी अंधारातल्यांचा दिवस हिसकावून घेतला आणि तो प्रभूला वाहिला, हा केवढा विजय. दिवस कुणाचा होता याला महत्त्व नाही; अंतःकरण कुणाचं आहे हे प्रभू बघतो. हेही पुस्तकांत आहे. मंडळीने गेल्या वर्षी हलवल्या तशाच माना हलवल्या, आणि मुलांना तर आनंदच झाला.

उपासना सुटल्यावर सर बानूबाईला म्हणाले, यंदा भावाला कोकरू आणायला सांगा, पाहुण्यांना फार आवडेल.

तिने त्या दिवशी फोन लावला नाही. धीर होईना. दोन दिवसांनी कॅन्टीनच्या मागे पिठाच्या पोत्यावर बसून लावला. बिरदेवानेच उचलला. आवाजात राग नव्हता, आणि तिने मनाची तयारी केली होती ती रागाचीच.

"हाय की कोकरू," तो म्हणाला. "धाडतो टेम्पोनं."

"दादा, तू ये."

"माजं काय काम तितं? काम कोकराचं हाय."

"आता चालतंय म्हनत्यात सर. सण करतोय आमी. तू ये रं."

"बानू," बिरदेव म्हणाला, "तू म्हनलीस येऊ नगंस, ते मी गिळलं असतं. तुजी काय अडचन आसंल म्हनलो. पर मागनं कोन तरी आमेन म्हनलं. मी यिऊ नये म्हून तुमी तितं देवाला इनवनी करत हुता. मी आइकलं समदं."

तिला पुष्कळ सांगायचं होतं. सरांनी फोन स्पीकरवर टाकला होता, सगळी मंडळी समोर होती, आमेन मी म्हणाले नाही. कोकराला वाटेत पाणी दाखवायला सांग, एवढंच ती बोलली, आणि बिरदेवाने बरं म्हणून फोन ठेवला.

नाताळ झोकात झाला. पुण्याचे पाहुणे आले, पत्र्याला दिव्यांच्या माळा लागल्या. कोकरू टेम्पोतून आलं, गळ्यात निळी नायलॉनची दोरी. टेम्पोवाल्याने ते बानूबाईच्या हातात दिलं तेव्हा ते थरथरत होतं. देखाव्यात ते इतकं ओरडलं की पाहुणे हसून हसून बेजार झाले, आणि व्हिडिओही झकास झाला.

सगळं आटोपल्यावर सर बाहेर आले. चांगल्या मनाने आले होते, हे कबूल केलं पाहिजे. म्हणाले, "बानूबाई, मागच्या खेपेला मी जरा कडक वागलो. पुढच्या वर्षी भावाला आवर्जून बोलवा. ओवाळायचं असेल तर ओवाळा. माझी हरकत नाही."

बानूबाई कोकराची दोरी सैल करत होती. तिने वर बघितलं नाही. "आता न्हाय जमायचं, सर. आमच्या मानसांत सणाच्या दिशी घरातलं कुनी गेलं तर सण मोडतो. परत करत न्हाईत."

सर गोंधळले. "अहो, पण तुमचा भाऊ तर जिवंत आहे ना?"

"व्हय," ती म्हणाली. "त्यो हाय."

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. त्याला अंधार पडायच्या आत भिगवणच्या पुढे जायचं होतं. बानूबाईने कोकरू उचलून हौद्यात ठेवलं, खाली गोणपाट नीट सारखं केलं, आणि वळणावर हळू घ्या म्हणून टेम्पोवाल्याला बजावलं. टेम्पो हायवेला लागला. आत पाहुण्यांची जेवणाची पंगत बसली होती आणि चपात्या कमी पडल्या होत्या. तिने हात धुतले आणि परातीपाशी जाऊन बसली.