वॉन्की आणि वॅकी

"मॅडम, वॉन्की अन् वॅकी एकच ना?" रिंकीने विचारले.

फुलचूरच्या भाड्याच्या खोलीत अल्काचा इंग्रजी बोलण्याचा क्लास चाले. तिने समोरचा बाक हलवला. एक पाय आखूड असलेला तो बाक खडखडला. "हा वॉन्की. बिघडलेला, डगमगणारा. वॅकी म्हणजे लोकांना हसवायला मुद्दाम वेडेचाळे करणारा. आमचे बाबा मंडईच्या जत्रेत, दंडारीच्या नाटकात जोकर व्हायचे ना, ते वॅकी!"

पोरी खिदळल्या. बापाचे कौतुक सांगताना अल्काचा आवाज अजूनही चढायचा.

त्या बापाला, हिरालालला, वर्षापूर्वी लकवा मारला होता. डावा पाय ओढत चालायचा. दिवाळी सरली, दवनीवाड्याची मंडई आली, तशी त्याने पेटीतून जोकरची टोपी काढली.

"कायले जाता बाबा? पाय पाहा आपला."

"येकच डाव जाऊ दे, पोरी. खाटेवर पडून पडून मरून राहिलो मी."

शेवटी तिनेच त्याच्या गालांना रंग लावला.

दुपारी मंडईत पाय ठेवायला जागा नव्हती. हिरालाल मंचावर आला तशा शिट्ट्या वाजल्या. त्याने गाण्याला तोंड उघडले, पण जीभ वळेना. लाळ गळाली. तो वळायला गेला, पाय अडखळला आणि तो आडवा झाला.

लोक पोट धरून हसले. ढोलकीवाल्या कवडूलाही हा नवाच चाळा वाटला. त्याने कडक थाप मारली. हिरालाल हाताच्या आधाराने उठू लागला, पुन्हा कोसळला. हशा दुप्पट झाला.

गर्दीत अल्काच्या शेजारी रिंकी डोळे पुसत हसत होती. "मॅडम, तुमचे बाबा खरंच वॅकी आहेत!"

क्लासमध्ये चुकलेला एकही शब्द अल्का सुधारल्याशिवाय सोडत नसे.

"हो," ती म्हणाली आणि गर्दीतून वाट काढत मंचावर चढली.

हिरालालने तिचा हात घट्ट धरला. "पोरी, लोकाईले नको सांगू," तो कसाबसा पुटपुटला.

तिने ओढणीने त्याची लाळ पुसली, टोपी नीट बसवली, त्याचा हात खांद्यावर घेतला. मग त्याच्या पायाबरोबर आपलाही डावा पाय ओढत ती चालू लागली. टाळ्यांचा कडकडाट झाला.