सुक्या बोंबलांची लाइन

हनियाच्या टीचरनं सांगून टाकलं, मॉडेलमध्ये बाजारातून विकत आणलेलं काही चालणार नाही, सगळं घरातलंच पाहिजे. त्या दिवसापासून, इथं आखातात, रहमानभाईंच्या अल रय्यानच्या फ्लॅटमध्ये कोणाच्याच डोक्याखाली उशी राहिली नाही. उशांचा डोंगर झाला.

विषय होता, डोंगरातल्या खोऱ्यात रेल्वे नवी नवी आली तेव्हा तिथली माणसं कशी राहायची. वर्गातून एकच मॉडेल मुशैरिबच्या मोठ्या प्रदर्शनात जाणार होतं. दोन वर्षं हनियाचं मॉडेल वर्गातच राहिलं होतं. "धिस टाइम इट्स गोइंग," ती म्हणाली आणि आईची ओढणी घेऊन खोऱ्यातली नदी करून मोकळी झाली.

मी संपत, डिलिव्हरीची व्हॅन चालवतो, राहायला बरवा अल बराहात, कामगारांच्या वस्तीत. शुक्रवारी रहमानभाईंकडे जेवायला जातो, म्हणून आपोआप कामाला लागलो. खरा इंजिनियर रहमानभाईच. कोकणात रेल्वेचे बोगदे खणत होते तेव्हा त्यांचे वडील कामगारांच्या कॅम्पात भटारी होते, त्यामुळे ह्यांचं लहानपणच त्या खोऱ्यात गेलेलं.

"इथं कँटीन. इथं संडास, पण तो दाखवू नको," ते सांगत होते.

"अब्बा, एव्हरीडे लाइफ आहे. संडास असणार," हनिया म्हणाली. काड्यापेटीचा संडास उभा राहिला.

तुपाच्या डब्याचा बोगदा झाला, निळ्या पिशवीच्या ताडपत्र्या झाल्या. मैमुनाभाभींनी कणकेची माणसं केली. सगळी जाडजूड, कारण भाभींना बारीक माणूस बघवत नाही. आगगाडी हनियाची लहानपणची होती, बॅटरीवरची. रुळांना तार मिळाली. अडलं ते रुळांखालच्या स्लीपरांवर.

"लाकडी पाहिजेत, काळपट, वाकडेतिकडे," रहमानभाई म्हणाले.

भाभी आत गेल्या आणि हर्णैहून हनियाच्या आजीनं पाठवलेली पिशवी घेऊन आल्या. सुके बोंबील!

"अगो, वास येईल!" रहमानभाई म्हणाले.

"येऊ दे. कॅम्पात काय अत्तर शिंपडायचे?"

लाइन देखणी झाली. आगगाडी बोंबलांवरून अशी सरसर गेली, म्हणाल तर त्यासाठीच ते पकडले होते.

पंचाईत सकाळी झाली. डोंगर दारातून जाईना. रहमानभाई एकीकडून, मी दुसरीकडून, आणि मधे उशा. शेवटी भाभी म्हणाल्या, "दाबा!" दाबलं. डोंगर बाहेर आला, पण कँटीन नदीत गेलं. हनियानं ते उचललं, पुसलं आणि परत जागेवर ठेवलं. "पूर आला होता," ती म्हणाली. "यल्ला, काका, चला."

व्हॅनमध्ये दार लावलं आणि एसी सुरू केला तसा वास आमच्या मानेवर बसला. हनिया नाकाला रुमाल लावून मागे मॉडेलला धरून बसली. भाभींना जागा उरली नाही, त्या मागून टॅक्सीनं निघाल्या. वाटेत पेट्रोल पंपावर रहमानभाई म्हणाले, "संपत, मागचं दार उघडं ठेव जरा, वास जाऊ दे. तोवर इथला दुधाचा करक चहा घेऊ. हनिया, चल ज्यूस घे."

वास गेला. थेट पंपामागच्या मांजरीकडे गेला.

आम्ही परत आलो तेव्हा ती बोगद्यात शिरली होती, शेपूट तेवढी बाहेर. बोगद्याच्या अलीकडची सगळी लाइन तिच्या पोटात. मी तिला ओढली तर ती डब्यासकट आली. रहमानभाई मटकन बसले. "खलास! आता काय दाखवणार?"

मागच्या टॅक्सीतून भाभी उतरल्या. मांजरीकडे बघून म्हणाल्या, "हिला बरं कळतं, हर्णैचा माल आहे."

हनिया रडेल असं मला वाटलं. ती मॉडेलजवळ उकिडवी बसली आणि म्हणाली, "अब्बा, तुमच्या कॅम्पात लाइन तुटली की काय करायचे?"

"दरड पडायची ना. मग सगळे उतरायचे. भटारीसुद्धा घमेलं घेऊन."

"ओके," हनिया म्हणाली. तिनं डोंगराची एक उशी हातानं खाली ओढली. दरड पडली. मग कँटीनमधला भटारी, ताडपत्रीतल्या बायका, संडासाच्या रांगेतला माणूस, सगळे उचलून तुटलेल्या लाइनीवर आणून ठेवले. बोगद्याच्या पलीकडे उरलेले बोंबील सोडवून ती एकेक अलीकडे आणू लागली. "बसलात काय? या ना!"

काम शाळेत पोचल्यावरही चालूच होतं. हनियाच्या टीचर मॅडम आल्या तेव्हा आम्ही तिघं मोठी माणसं चांगल्या कपड्यांत फरशीवर ओणवी होतो. रहमानभाईंच्या तोंडात तार, भाभींच्या हातात बोंबील, आणि मी दाराकडे तोंड करून मांजरांवर पहारा देत. शाळेलाही आपली स्वतःची दोन मांजरं होती, हे तोवर कोणाला माहीत नव्हतं.

"मॅडम, लँडस्लाइड झालीय," हनिया उभी न राहताच म्हणाली. "गाडी सुटेपर्यंत कोणी जेवणार नाही."

मॅडम वाकल्या. वास आला तशा सरळ झाल्या. मग पुन्हा वाकल्या. शेवटचा बोंबील बसला, हनियानं बटण दाबलं आणि आगगाडी थरथरत, लंगडत दरडीवरून पलीकडे गेली. पाठीमागे कोणीतरी शिट्टी मारली. मीच मारली असेल.

"मुशैरिबला हेच जाईल," मॅडम इंग्रजीत म्हणाल्या. "फक्त हे स्लीपर बदला. तिथं हॉल बंदिस्त असतो."

"नाही मॅडम," हनिया म्हणाली.

रहमानभाईंनी तोंडातली तार काढली. "अगो, बदलू ना. काड्या लावू."

"सगळं घरातलं पाहिजे, हा रूल तुमचा आहे, मॅडम. हे आमच्या घरातलं आहे."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. मग एका हातानं नाक धरून दुसऱ्या हातानं मॉडेलवर मुशैरिबला जाणारी लाल चिकटपट्टी लावली.

भाभींनी ओढणीनं डोळे पुसायला घेतले, पण ओढणी नदीत होती. तोवर हनियानं त्यांची बाही ओढली.

"अम्मी, आजीला फोन लाव. अजून बोंबील पाठव म्हणावं. पलीकडची लाइन सगळी उघडी पडलीय."