कोपऱ्यातली लुकलुक

वाद्यदुरुस्तीच्या त्या दुकानात वडिलांच्या वेळेपासून एक नियम होता: ज्यानं दुरुस्त केलं, त्यानं तपासायचं नाही. आपल्या हातची चूक आपल्याच डोळ्यांना दिसत नाही, असं ते म्हणत. म्हणून एका भावानं काम केलं की दुसरा तपासायचा. नियम चांगलाच होता. पण हल्ली थोरल्याच्या वाट्याला नुसतं तपासणंच येई, आणि ते त्याला अजिबात पचत नव्हतं.

त्यातून ती सिंथेसायझर वाजवणारी बाई. तिच्या जुन्या वाद्यांचे, कुठला आवाज लावलाय ते दाखवणारे छोटे पडदे एकामागून एक अंधारत होते, आणि दर वेळी ती थोरल्याच्या तोंडावर सांगायची, "हे तुमच्या भावाकडे द्या हं." भावाला सोल्डरिंग शिकवलं कुणी, हे विचारायची तसदी घेत नव्हती. थोरल्याचा नुसता जळफळाट व्हायचा.

या वेळी पडद्यामागचा उजेड देणारा कागद गेला होता. नवा कागद मोठा येतो. तो मापात कापायचा आणि कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावायची, नाहीतर कड धातूच्या चौकटीला टेकून जळते. धाकट्यानं शीळ घालत तो बसवला, वाद्य थोरल्याकडे सरकवलं आणि सुटे भाग आणायला गेला.

थोरल्यानं दिवे मालवून वाद्य सुरू केलं. निळसर हिरवा उजेड सगळीकडे सारखा पसरला. काम इतकं सुरेख होतं की त्याच्या पोटात दुखलं. मग त्यानं चौकटीवर अंगठा दाबला, तसा उजवा कोपरा लुकलुकला. पट्टी लावायला विसरला होता पठ्ठ्या.

थोरल्याला इतका आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटली. थोडीच. संध्याकाळी बाईचा कार्यक्रम होता. स्टेज दणाणलं की पडदा विझणार, आणि अंधारात कुठला आवाज लावलाय हेही तिला दिसणार नाही. मग कळेल, वाद्य कुणाकडे द्यायचं ते. त्यानं झाकण आवळलं आणि मूग गिळून बसला.

बाई आली आणि वाद्य पिशवीत भरू लागली.

"लावून बघा की एकदा," तो पुटपुटला.

"कशाला? तुम्ही तपासलंय ना." तिनं चेन ओढली. "म्हणून तर भावाला द्यायला सांगते. त्यांचा हात चांगला आहे, पण उतावळा. त्यांनी बसवलं की तपासायला तुमच्याकडे येतं. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही."

एवढे दिवस थोरला ज्या मानासाठी जळत होता, तो त्याच्याच पदरात पडलेला होता. बाई दारापर्यंत पोचली.

"थांबा," तो म्हणाला. "उघडावं लागेल. कोपऱ्यात दोष राहिलाय."

"मग तपासताना दिसला नाही?"

नाही म्हणणं सोपं होतं.

"दिसला होता," तो म्हणाला.

तिनं चेन उघडून वाद्य परत त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं झाकण काढलं, कडेला पट्टी लावली, अंगठा दाबून पाहिला. उजेड हलला नाही. वाद्य बंद करून त्यानं तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते पुन्हा सुरू केलं, चारही कोपरे स्वतः दाबून पाहिले आणि स्टूल ओढून बसली.

"तुमचे भाऊ कधी येतील?" तिनं विचारलं. "नेण्याआधी त्यांना एकदा दाखवते."