बेडीसकट वजन

मंगळवारी सकाळी बालसंगोपन केंद्राच्या ओसरीवर तेवीस बाया होत्या आणि चोवीस लेकरं, कारण सावित्रम्माची जुळी होती. वजनाचा काटा एक, दुधाच्या चरव्या दोन, लेकरांची कार्डं साठ. आणि त्या साठही कार्डांवर एकच अक्षर, वच्छलाचं.

वच्छला पुण्याहून रसायनशास्त्रात बी. एस्सी. होऊन सोलापुरात परत आली होती आणि गिरणीच्या चाळीतल्या या केंद्रात दर मंगळवारी वजनं घेत होती. पाळीवर जाताना लेकरू निजून राहावं म्हणून गिरणीतल्या काही बाया अफूची बाळगोळी देत. गोळीचं लेकरू रडत नाही तसं पीतही नाही, आणि कार्डावरची रेघ खाली येते. गोळी देणाऱ्या घराला केंद्राचं दूध बंद, असा कमिटीचा नियम होता.

केराबाईचा बिरप्पा पाच महिन्यांचा. केराबाई सांगोल्याकडची धनगरीण, गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती. दुपारच्या वेळी तिचं दूध पुरत नसे, म्हणून पोराला केंद्राचं अर्धा शेर दूध लागलेलं. त्या दिवशी काटा अकरा पौंड दहा औंसांवर थांबला. वच्छलाने कार्ड पाहिलं. मागच्या मंगळवारी अकरा पौंड तेरा औंस होते.

"तीन औंस उतरला," ती म्हणाली.

"काटाच उपाशी आसंल, बाई!" सावित्रम्मा जुळ्यांना दोन्ही मांड्यांवर झुलवत म्हणाली. बाया हसल्या.

"काटा खोटं बोलत नाही. केराबाई, गोळी देतेस ना?"

हसू थांबलं. केराबाईने मान खाली घातली. तिच्या ओठांवर काहीतरी आलं आणि तिथंच राहिलं.

"कधी दिलीच नाहीस, असं सांग सगळ्यांदेखत."

 बिरप्पाला पदरात गुंडाळून केराबाईने दुधाची रिकामी चरवी उचलली आणि ओसरी उतरून गेली. वच्छलाने कार्डावर लिहिलं : अफू. दूध बंद. खाली सही केली.

पुढच्या मंगळवारी केराबाई आली नाही. बाया पांगल्यावर वच्छला कार्डं लावत बसली. बिरप्पाचं कार्ड हाती आलं, तेव्हा तिने सहज ते उलटलं. पाठीमागे पहिल्या दिवशीची नोंद होती, तिचीच, बारीक अक्षरात : 'दोन्ही पायांत लोखंडी बेड्या. आई काढू देत नाही. दर वेळी वजन बेड्यांसकटच, म्हणून चालेल.'

तिने ते दोनदा वाचलं. मागच्या मंगळवारी काट्याच्या परडीत हललेले दोन गोरे, मोकळे पाय तिला आठवले. तिने ते पाहिले होते. पाहून विचारलं मात्र नव्हतं. ओसरीवर कोणी नव्हतं तरी तिने कार्ड पालथं घातलं.

केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. "घरी जाऊन सांगून ये. दूधही चालू करू. पण चारचौघींत नको, वच्छला. आधीच यांना वाटतं जोखल्याने दृष्ट लागते. एकही पोर मग काट्यावर यायचं नाही."

रविवारी गिरणी बंद. चाळीच्या दारात केराबाईची सासू, राजाबाई, डाळ निवडत बसली होती.

"या की काटेवाल्या बाई," ती म्हणाली. "आता काय, म्हातारीला जोखता?"

"बिरप्पाच्या बेड्या कधी काढल्या?"

"बिरोबाला नवस बोलले हुते. पाच म्हैने पोर टिकलं की बेडी तोडीन. त्या मंगळवाराच्या आदल्या दिशी तोडली. हायत देव्हाऱ्यात. जत्रंला वाहायच्या."

केराबाई आतून आली. कडेवर बिरप्पा होता. वच्छलाने जे झालं ते सांगितलं. 

"मग तेव्हा बोलला का नाहीत?" शेवटी तिने विचारलं, आणि विचारल्याबरोबर तिला कळलं की हेही विचारायला नको होतं.

"तुमी म्हनला, कधी दिलीच न्हाय असं सांग." केराबाई भिंतीकडे बघत बोलली. "ह्येला न्हाय दिली. ह्येच्या आदीच्या भिमाला म्या दिली हुती. पाळीवरनं आले तवर उटलाच न्हाय. मग कसं सांगू?"

राजाबाईचा हात डाळीत थांबला.

वच्छला उंबऱ्यापाशीच उभी होती. "माझं चुकलं, केराबाई," ती म्हणाली. "उद्यापासून दूध न्या."

"हितं म्हनून काय उपेग? जितं बोलला तितं बोला. पानी भरताना बाया माज्याकडं बगून लेकरं पदराखाली घेत्यात. तंवर मला दूध नगं."

मंगळवारी ओसरीवर एकोणीस बाया होत्या. केराबाई खांबाला टेकून उभी राहिली. राजाबाईच्या हातात फडक्याची गाठ होती. डॉक्टरीणबाई आतल्या खोलीत होत्या. दार उघडं होतं.

"केराबाईंनी बिरप्पाला गोळी दिलेली नाही," वच्छला म्हणाली. आवाज लहान निघाला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं. "काट्यात बिघाड नव्हता. उतरल्या त्या पोराच्या पायांतल्या बेड्या. त्यांची नोंद मीच केली होती आणि मीच ती विसरले. सगळ्यांदेखत बोलले, म्हणून सगळ्यांदेखत सांगते, चूक माझी आहे."

सावित्रम्मा म्हणाली, "मंग जोखा की त्या बेड्या! कळू दे आमाला बी."

"देवाच्या हायत," राजाबाई म्हणाली. "आदी ताटली धुवा."

वच्छलाने परडी उतरवून काट्याला ताटली लावली. पाण्याने धुतली, पुसली. राजाबाईने ताटलीवर भंडारा टाकला. वच्छलाने काट्याची सुई पुन्हा शून्यावर आणली. फडक्यातल्या बेड्या ठेवल्या. सात औंस. तिने आकडा मोठ्याने वाचला आणि सगळ्यांसमोर हिशेब सांगितला : बेड्या वजा करता त्या मंगळवारी पोर तीन औंस उतरलं नव्हतं, चार औंस वाढलं होतं.

"आता ह्येला," केराबाई म्हणाली. वच्छलाने परडी परत लावून सुई शून्यावर आणली, आणि केराबाईने स्वतःच्या हातांनी बिरप्पाला परडीत ठेवलं.

सुई हलली, थरथरली, थांबली. वच्छलाने वाकून पाहिलं. मग 'अफू' या शब्दावर रेघ मारली, खाली तारीख घातली आणि आकडे लिहिले.

दूध बंद झालं त्या दिवशी : अकरा पौंड दहा औंस.

आज, दोन आठवड्यांनी : अकरा पौंड नऊ औंस.